दोन चेंडूंच्या मधला वेळ

१४ नोव्हेंबर २०१३. वानखेडेवर भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातल्या कसोटीचा पहिला दिवस, दुपार कलत आलेली. शेन शिलिंगफर्डने एकाच षटकात आधी शिखर धवनला आणि मग मुरली विजयला बाद केले. घरच्या संघाचा दुसरा गडी पडला, धावसंख्या २ बाद ७७ झाली आणि मैदानात जल्लोष उसळला. कारण सगळ्या मुंबईला ठाऊक होते: आता सचिन तेंडुलकर येणार, तो त्याची दोनशेवी आणि अखेरची कसोटी खेळायला. विजयला तंबूकडे परतताना जो आवाज ऐकावा लागला, तसा बाद होणाऱ्या यजमान फलंदाजाच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

हाच प्रसंग क्रिकेटच्या व्हिडिओ गेममध्ये घडला असता, तर काय ऐकू आले असते? यजमान संघाचा गडी बाद, म्हणून साठवलेल्या आवाजांतला निराशेचा सुस्कारा वाजला असता. गर्दीचे चेहरे अगदी हुबेहूब असते, कदाचित विजयच्या हेल्मेटवरचा ओरखडाही दिसला असता. पण तो क्षण वानखेडेचा वाटला नसता. क्रिकेट गेममधल्या वास्तवतेची चर्चा बहुधा चेहरे, जर्सी आणि स्टेडियम यांच्यापाशीच घुटमळते. गेल्या चाळीस वर्षांत या गेमनी चित्रात मोठी मजल मारली, यात शंका नाही. मात्र क्रिकेटचा माहोल बनतो तो मागे काय घडले याच्या आठवणीतून आणि पुढे काय घडेल याच्या धाकधुकीतून. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात जे साचत जाते, ते पकडण्यात हे गेम अजून कमी पडतात. चित्रापेक्षा तिथे जास्त काम व्हायला हवे.

सुरुवातीच्या गेमकडून अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. १९८५च्या सुमारास ब्रिटनमध्ये ग्रॅहम गूच आणि इयन बोथम यांच्या नावांचे गेम घरगुती संगणकांवर आले, तेव्हा मोजक्या किलोबाइटांत खेळपट्टी, अकरा क्षेत्ररक्षक आणि धावफलक बसवणे हाच पराक्रम होता. मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरने नव्वदच्या दशकात निन्टेन्डोच्या यंत्रांवर क्रिकेट नेले. कोडमास्टर्सने १९९४-९५च्या सुमारास ब्रायन लाराचे नाव घेऊन मालिका सुरू केली. लाराने एप्रिल १९९४मध्ये अँटिगात ३७५ आणि जूनमध्ये वॉरविकशायरकडून नाबाद ५०१ धावा केल्या होत्या. त्या काळात मुखपृष्ठासाठी याहून मोठे नाव नव्हते. पडद्यावरचे खेळाडू बोटभर उंचीचे असत. उरलेले सगळे खेळणाऱ्याने कल्पनेने भरायचे, आणि शाळेच्या बाकावर बुक क्रिकेट खेळलेल्या मुलांना त्यात काहीच अवघड वाटत नसे.

मग टीव्ही आला. म्हणजे गेममध्ये आला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ब्रायन लारा क्रिकेटमध्ये जोनाथन अ‍ॅग्न्यू आणि जेफ्री बॉयकॉट बोलू लागले. खऱ्या प्रक्षेपणात ब्रिटनच्या चॅनेल फोरने १९९९मध्ये स्निकोमीटर आणला, २००१मध्ये हॉक-आय आणले आणि २००५च्या लारा गेममध्ये हॉक-आय दाखल झाले. तिथून पुढे क्रिकेट गेमचा आदर्श पक्का झाला: हे सगळे टीव्हीवर दिसते तसे दिसले पाहिजे. धावफलकाची पट्टी, रिप्ले, वॅगन व्हील, पुढे हॉट स्पॉट आणि डीआरएस. कित्येक प्रेक्षकांनी कसोटी मैदानात कधी पाहिलेलीच नसते, त्यामुळे त्यांच्यासाठी टीव्हीसारखे दिसणे म्हणजेच खरे दिसणे. हा मार्ग समजण्यासारखा होता. पण त्याने एक मर्यादाही घातली. टीव्ही दोन चेंडूंच्या मधल्या जागेत जाहिरात दाखवतो, आकडे दाखवतो, रिप्ले दाखवतो. गेमने त्यातले रिप्ले आणि आकडे उचलले, आणि ते उडवून पुढे जाण्यासाठी एक बटण दिले. चौथ्या षटकापर्यंत प्रत्येक जण ते बटण दाबू लागतो.

ईए स्पोर्ट्‌सचा क्रिकेट ०७ हा या टीव्ही-युगाचा सर्वांत लाडका गेम. तो २००६च्या नोव्हेंबरात, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅशेस मालिकेच्या तोंडावर आला. बनवला एचबी स्टुडिओजने, म्हणजे कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या मंडळींनी, जिथे क्रिकेटचे वारे फारसे नाहीत. समालोचक होते मार्क निकोलस आणि रिची बेनॉ. फटक्यासाठी बटणांऐवजी कंट्रोलरवरचा छोटा दांडा वापरण्याची सोय होती. २००५च्या अ‍ॅशेसमधल्या अटीतटीच्या परिस्थिती पुन्हा खेळून पाहण्याची सोय होती, आणि ही कल्पना माहोलाच्या दृष्टीने फार मोलाची होती: खेळणारा शून्यापासून सुरू न करता एका ताणलेल्या गोष्टीच्या मध्यात उतरत असे. भारतीय संघाचे हक्क मात्र ईएकडे नव्हते. नावे मोडूनतोडून दिलेली असत.

त्यानंतर ईएने संगणक-कन्सोलसाठी क्रिकेटचा नवा गेम काढलाच नाही. तरीही क्रिकेट ०७ मेला नाही, याचे श्रेय त्याच्या चाहत्यांना. भारत-पाकिस्तानातल्या हौशी तरुणांनी त्याच्या फायली उघडल्या, खरी नावे घातली, नव्या जर्सी चढवल्या, आयपीएलचे संघ उभे केले, धावफलकाची पट्टी वाहिन्यांच्या पट्टीसारखी रंगवली. या बदलांच्या, म्हणजे ‘पॅच’च्या, जोरावर २००६चा गेम पुढची कित्येक वर्षे सायबर कॅफेंत आणि घरच्या जुन्या संगणकांवर चालत राहिला. या मुलांना कोणी पैसे दिले नाहीत. पण त्यांनी काय बदलले, याची यादी बघण्यासारखी आहे: नावे, कपडे, बॅटवरचे स्टिकर, जाहिरातींचे फलक. गेमच्या आत शिरून चेंडूची चाल किंवा कर्णधाराची अक्कल बदलणे त्यांच्या हातात फारसे नव्हते. वरवरचे जितके खरे करता येईल, तितके त्यांनी केले. उरले ते मूळ रचनेतच शिरल्याशिवाय सुटणारे नव्हते.

केवळ नाव-हक्क आणि मालिकेचा मुहूर्त यांच्या भरवशावर गेम काढला की काय होते, ते २०१३मध्ये दिसले. ट्रिकस्टार गेम्सने बनवलेला आणि ५०५ गेम्सने प्रकाशित केलेला अ‍ॅशेस क्रिकेट २०१३ नोव्हेंबरात स्टीमवर विक्रीला आला. अ‍ॅशेसचे अधिकृत हक्क, खऱ्या खेळाडूंची नावे, सगळे होते. क्षेत्ररक्षक मात्र चेंडूकडे जाताना भलतीकडे वळत, चेंडू समोरून जात असताना उभे राहत, हवेतून घसरत. त्याच्या चित्रफिती जगभर फिरल्या आणि काही दिवसांतच प्रकाशकाने गेम मागे घेऊन पैसे परत केले.

पाठोपाठ, २०१४मध्ये मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजचा डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ आला. त्याच्याकडे एकाही देशाच्या संघाचे हक्क नव्हते. आतली नावे काल्पनिक होती. खेळाडू घडवण्याची आणि घडवलेले खेळाडू इतरांना देण्याची सोय करून बिग अँटने ते काम चाहत्यांवर सोपवले, आणि चाहत्यांनी बघता बघता खरे संघ उभे केले. एकाकडे खरी नावे आणि खोटा खेळ, दुसऱ्याकडे खोटी नावे आणि त्यातल्या त्यात खरा खेळ. कोण टिकले हे सर्वांना माहीत आहे. बिग अँटने त्याच पायावर डॉन ब्रॅडमन १७, २०१७चा अ‍ॅशेस क्रिकेट, मग क्रिकेट १९, क्रिकेट २२ आणि क्रिकेट २४ रचले.

डॉन ब्रॅडमन १४मध्ये नेमके काय बदलले, ते एका चेंडूवरून कळते. कारकीर्द पद्धतीत सोळा वर्षांचा पोरगा म्हणून खेळाडू उतरतो. सहाव्या-सातव्या क्रमांकावर. पडद्यावर कॅमेरा फलंदाजाच्या पाठीमागे, डोळ्यांच्या उंचीवर. गोलंदाज धावत येतो. डावा दांडा पाय हलवतो: पुढे की मागे, ऑफला की लेगला. उजवा दांडा बॅट फिरवतो. म्हणजे निर्णय दोन, आणि दोन्ही चुकू शकतात. चेंडू थोडा आखूड, ऑफ यष्टीच्या जरा बाहेर. पाय पुढे गेलेला, हात कट करायला निघालेले. बॅटची कड लागते आणि चेंडू स्लिपमध्ये. इथे चूक नेमकी कुठे झाली ते खेळणाऱ्याला कळते: टप्पा ओळखायला उशीर झाला. पुढच्या डावात तो तसाच चेंडू सोडून देतो, आणि सोडलेल्या चेंडूचे समाधान त्याला पहिल्यांदाच कळते. आधीच्या बहुतेक गेममध्ये चेंडू सोडणे म्हणजे वेळ वाया घालवणे होते.

या बदलाला शास्त्राचाही आधार आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात पोचतो. मायकल लँड आणि पीटर मॅकलिऑड या संशोधकांनी वेगवेगळ्या कुवतीच्या फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. तो अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध झाला. फलंदाज चेंडूवर सतत नजर ठेवत नाही, असे त्यांना दिसले. तो चेंडू सुटताना बघतो, मग नजर एकदम पुढे टप्प्याच्या अपेक्षित जागी नेतो आणि चेंडूची तिथे वाट पाहतो. जितका फलंदाज चांगला, तितकी ही झेप लवकर. फलंदाजीचा निम्मा कस टप्प्याचा अंदाज बांधण्यात आहे.

आता ईएच्या गेममध्ये आणि पुढे बहुतेक मोबाइल गेममध्ये काय होते? चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच खेळपट्टीवर एक ठिपका किंवा वर्तुळ उमटते: चेंडू इथे पडणार. त्या एका खुणेने अंदाज बांधण्याचे सगळे काम काढून घेतले. उरले ते योग्य क्षणी बटण दाबणे. नवशिक्यासाठी ही खूण हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण खेळणारा सरावला की ती हळूहळू पुसट होत जावी. मग डावात नुकत्याच उतरलेल्या फलंदाजाला ती दिसू नये, तीस-चाळीस चेंडू खेळलेल्याला अंधूक दिसावी, शतकवीराला लवकर दिसावी. नजर बसणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? चेन्नईच्या नेक्स्टवेव्ह मल्टिमीडियाने वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप २ या मोबाइल गेममध्ये या दिशेने एक छोटे पाऊल टाकले होते: नुकत्याच आलेल्या फलंदाजाच्या हृदयाचे ठोके वाढलेले असत. साध्या फोनवर चालणाऱ्या गेमला सुचलेली ही कल्पना मोठ्या कन्सोल गेमनी आणखी पुढे न्यायला हवी.

फलंदाजाखालोखाल खेळपट्टी. इथे महाराष्ट्राकडे दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले; भारत १०५ आणि १०७ धावांत गारद झाला आणि सामना तिसऱ्याच दिवशी आटोपला. सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथेच मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले आणि न्यूझीलंडने भारतात पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली. वानखेडेवर डिसेंबर २०२१मध्ये, मुंबईत जन्मलेल्या एजाज पटेलने एका डावातले दहाच्या दहा बळी ११९ धावांत टिपले. कसोटीच्या इतिहासात असे करणारा जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतरचा तो तिसराच. गहुंजेची काळी माती आणि वानखेडेची लाल माती यांचा स्वभाव वेगळा: लाल मातीत चेंडू उसळतो, काळ्या मातीत तो खाली राहतो. रणजी खेळणारा कुठलाही फलंदाज हे सांगेल.

गेममध्ये खेळपट्टी निवडताना कडक, कोरडी, हिरवी, धुळीची असे पर्याय मिळतात. बिग अँटच्या अलीकडच्या गेममध्ये ती दिवसागणिक झिजतेही. पण ही झीज बरीचशी सगळीकडे सारखीच वाटते. खऱ्या सामन्यात ती जागेजागी असते. उजव्या हाताचा गोलंदाज ओव्हर द विकेट टाकताना पुढे पाऊल टाकतो, तिथे खड्डा पडतो. समोरच्या टोकाकडून तोच खड्डा डावखुऱ्या फलंदाजाच्या ऑफ यष्टीबाहेर येतो आणि ऑफस्पिनर तिथेच मारा करत राहतो. चौथ्या दिवशी कर्णधार गोलंदाजीचे टोक बदलतो ते या खड्ड्यासाठी. हे गेममध्ये आणणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. प्रत्येक चेंडूला गोलंदाजाचे पाऊल कुठे पडते हे गेमला माहीतच असते. ते जमिनीवर नोंदवायचे आणि विसरायचे नाही, एवढेच.

दवाचेही तसेच. रात्रीच्या सामन्यात दुसऱ्या डावात चेंडू ओला होतो, फिरकी गोलंदाजाची पकड सुटते, नाणेफेकीचा कौल मोलाचा ठरतो. ज्या गेममध्ये दव केवळ हवामानाच्या यादीतला एक शब्द असतो, तिथे नाणेफेक निरर्थक होते. त्यातला गोलंदाज दर षटकाला रुमाल काढून चेंडू पुसू लागला, तर निम्मे काम तिथेच होईल. दुसरीकडे, आभाळ भरून आले की चेंडू हमखास स्विंग होतो हा समज बहुतेक गेमनी नियमासारखा घेतला आहे. शिवण आणि चकाकी यांमुळे चेंडूच्या दोन बाजूंवरून हवा वेगवेगळी वाहते, हे प्रयोगांनी सिद्ध आहे. दमट हवेचा थेट परिणाम मात्र संशोधकांना तितका ठामपणे दाखवता आलेला नाही. तेव्हा गेममध्येही ढगांनी हमी देऊ नये. एखादा दिवस ढगाळ असूनही चेंडू सरळ जावा, आणि गोलंदाजाने त्यावर वैतागावे.

संगणकाच्या अकलेबद्दल एक कसोटी पुरेशी आहे: गेममधला संगणक सामना वाचवू शकतो का? ११ जानेवारी २०२१ला सिडनीत भारतापुढे ४०७ धावांचे लक्ष्य होते. हनुमा विहारीचा स्नायू दुखावलेला, रविचंद्रन अश्विनची पाठ धरलेली. दोघांनी मिळून ४२ षटकांहून अधिक काळ किल्ला लढवला. विहारीने १६१ चेंडूंत नाबाद २३ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला आणि तो निकाल विजयासारखा साजरा झाला. गेममधला संगणक अशा वेळी एक तर अचानक षटकार मारू लागतो किंवा यंत्रासारखा प्रत्येक चेंडू त्याच पद्धतीने अडवतो. त्याला दुखापत होत नाही. आठवड्याभराने ब्रिस्बेनला चेतेश्वर पुजाराने २११ चेंडूंत ५६ धावा करताना बोटांवर, खांद्यावर, हेल्मेटवर मार खाल्ला. त्या माराने डावाला अर्थ दिला. गेममध्ये अंगावर बसलेला चेंडू म्हणजे दोन सेकंदांचे चित्र, आणि पुढच्या चेंडूला फलंदाज ताजातवाना. बोटावर चेंडू लागलेल्या फलंदाजाची बॅटवरची पकड पुढची दहा षटके सैल राहिली, त्याने दर चेंडूनंतर हात झटकला, समोरच्या कर्णधाराने ते हेरून आखूड चेंडूंचा मारा सुरू केला, तर खेळणारा आपसूक श्वास रोखून धरेल.

आणि इथेच तो मधला वेळ येतो. कसोटीच्या एका दिवसात ९० षटके, म्हणजे ५४० चेंडू. प्रत्येक चेंडू प्रत्यक्षात काही सेकंदांचा. दिवसाचे उरलेले सगळे तास चेंडू चकाकवण्यात, क्षेत्ररचना बदलण्यात, खेळपट्टी ठोकण्यात आणि जोडीदाराशी बोलण्यात जातात. गेमने हा सगळा वेळ जसाच्या तसा खेळणाऱ्यावर लादावा असे कोणी म्हणणार नाही. पण तो रिकामा समजून कापून टाकणेही चूक आहे. त्यात निर्णय घातले, तर बटण दाबून तो उडवण्याची इच्छाच होणार नाही. गोलंदाज परत चालत जात असताना यष्टिरक्षकाने हळूच सांगावे की हा फलंदाज क्रीझच्या बाहेर उभा राहतोय. पाणी घेऊन आलेल्या बाराव्या खेळाडूने ड्रेसिंग रूमचा निरोप द्यावा. क्षेत्ररक्षक एक पाऊल आत सरकावा आणि ते फलंदाजाला दिसावे, पण लक्ष असेल तरच. सध्या क्षेत्ररचना बदलली की पडद्यावर नकाशा उघडतो आणि सामना थांबतो. खऱ्या मैदानात सामना थांबत नाही; फलंदाज मान वळवून मोजत असतो.

गर्दीच्या आवाजाचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. २०२०मध्ये महामारीमुळे मैदाने रिकामी पडली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या आणि स्पेनच्या ला लिगाच्या प्रक्षेपणासाठी ईएच्या फिफा गेममधून साठवलेले गर्दीचे आवाज वापरले गेले. म्हणजे फुटबॉलच्या गेमकडे विशिष्ट संघांच्या, विशिष्ट मैदानांच्या घोषणांचा इतका समृद्ध साठा होता की खऱ्या प्रक्षेपणाला तो उसना घ्यावासा वाटला. त्याच वर्षी अमिरातीत झालेल्या आयपीएललाही कृत्रिम गर्दीचा आधार घ्यावा लागला. क्रिकेटच्या गेमकडून प्रक्षेपणाने काही उसने घ्यावे, असा साठा अजून कोणाकडे नाही. वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमधून उठणारी ‘सच्चिन, सच्चिन’ ही ठेक्यातली हाक, लॉर्ड्‌सची दबकी कुजबूज आणि टाळ्या, बार्मी आर्मीची गाणी, मेलबर्नच्या बॉक्सिंग डेची दुपारी चढत जाणारी गडबड, हे सगळे वेगळे आहे. गेममध्ये ते बरेचसे एकाच गजरात विरघळते.

साठा वाढवल्याने अर्धेच काम होईल. विजयच्या बळीनंतरचा जल्लोष कळायला आवाजापेक्षा संदर्भ लागतो. ३१ जानेवारी १९९९ला चेन्नईत तेंडुलकरच्या १३६ धावांनंतरही भारत १२ धावांनी हरला, आणि प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानच्या संघाला मानवंदना दिली. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादेत विश्वकरंडकाच्या अंतिम सामन्यात पॅट कमिन्सच्या चेंडूवर विराट कोहलीच्या बॅटची आतली कड लागून यष्ट्या उडाल्या आणि नव्वद हजारांहून अधिक माणसे चिडीचूप झाली. तिथे आवाज नसणे हाच आवाज होता. गेमला या गोष्टी शिकवायच्या तर प्रेक्षकांनाही स्मृती द्यावी लागेल: या शहराचा लाडका कोण, पुढे कोण येणार आहे, किती वाजले आहेत, सकाळपासून काय घडले. हे आकडे गेमकडे आधीच असतात. ते फक्त धावफलकाकडे जातात, प्रेक्षकांकडे जात नाहीत.

समालोचनाची दुखणी सर्वांना परिचयाची आहेत. ठरावीक वाक्ये, तीच तीच. दर तिसऱ्या सामन्यात तोच विनोद. मुळात वाक्ये सुटी ध्वनिमुद्रित करून प्रसंगाप्रमाणे जोडली जातात, त्यामुळे निवेदकाला मागचे षटक आठवत नाही. क्रिकेट ०७मध्ये बेनॉंसारखा माणूस होता, ज्याने आयुष्यभर कमी बोलण्याचा आणि चित्राला बोलू देण्याचा वस्तुपाठ घालून दिला. गेमने त्यांच्याकडून वाक्ये घेतली आणि त्यांचे थांबणे सोडून दिले. समालोचकाने कधी गप्प बसावे हे ठरवणे नवी वाक्ये मुद्रित करण्यापेक्षा स्वस्त आहे, आणि त्याचा परिणाम जास्त होईल.

या सगळ्याच्या आड पैसा येतो, हे खरे. फुटबॉलचे गेम कोट्यवधी प्रतींत खपतात. क्रिकेटचे कन्सोल गेम एका तुलनेने छोट्या स्टुडिओच्या बळावर चालतात. क्रिकेटचा सर्वांत मोठा प्रेक्षक भारतात आहे आणि भारतातला बहुसंख्य प्रेक्षक फोनवर खेळतो, तेही फुकट, आणि पाच षटकांचा सामना बसच्या प्रवासात संपवून. इथल्या मोबाइल गेमनी म्हणूनच वेगळी वाट धरली. महाराष्ट्रात घडलेल्या नॉटिलस मोबाइलच्या रियल क्रिकेट मालिकेने स्वस्त फोनांवर स्निकोमीटर आणि हॉट स्पॉट आणले, संजय मांजरेकरांना समालोचनाला बसवले. चेन्नईच्या नेक्स्टवेव्हने वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप ३मध्ये अनेक भारतीय भाषांत समालोचन दिले. नॉटिलसमधला नियंत्रक हिस्सा २०२५मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने घेतला. आता तिथे भांडवल आहे. ते नव्या जर्सीवर खर्च होते की चेंडूच्या आठवणीवर, यावर बरेच अवलंबून राहील.

व्हीआरची, म्हणजे आभासी वास्तवाची, वाट आणखी निराळी. हैदराबादच्या प्रोयुगाने आयबी क्रिकेट हा व्हीआर गेम २०१८च्या सुमारास आणला. डोक्यावर हेडसेट चढवला की गोलंदाजाची उंची आणि बरगड्यांकडे येणारा चेंडू हे अंगावर येतात. माणूस खरोखर वाकतो. क्रीझमध्ये उभे राहण्याची भीती पडद्यावरच्या कुठल्याही गेमने इतकी जवळ आणलेली नाही. बॅटचे वजन मात्र हातात येत नाही, मधोमध लागलेल्या फटक्याची ती गोड जाणीव थरथरीवर भागवावी लागते. शिवाय चारही बाजूंनी मैदान दिसत असताना गर्दी कागदी वाटली, तर ते टीव्हीच्या पडद्यापेक्षा जास्त खटकते.

समालोचनाकडे परत वळले, तर मराठीचा मुद्दा आपोआप येतो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी मराठीतून क्रिकेट ऐकवले, तेव्हा श्रोत्याकडे चित्र नव्हतेच; षटकाच्या मधल्या वेळात पंडित मैदान, वारा, क्षेत्ररक्षकांच्या जागा शब्दांत उभ्या करत. गेमला नेमकी याच कलेची गरज आहे. २०२३च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने मराठी समालोचन दिले आणि त्या चमूत केदार जाधवही होता. हंगामाच्या मध्यावर बंगळुरूने त्याला बदली खेळाडू म्हणून घेतले आणि तो समालोचन कक्षातून थेट संघात गेला. मराठीत बोलणारे जाणकार आहेत, ऐकणारे आहेत. महाराष्ट्रातल्याच एखाद्या स्टुडिओने वानखेडेचा आणि गहुंजेचा आवाज स्टँडनिहाय मुद्रित करून, त्यावर मराठी समालोचकांची जोडी बसवून सुरुवात करायला हरकत नाही. पहिल्या आवृत्तीत दोनच मैदाने असली तरी चालतील, पण त्या दोन मैदानांची माती वेगळी असावी, गर्दी वेगळी असावी आणि पाचव्या दिवशी चहापानानंतर ऑफस्पिनरच्या हाती चेंडू दिला तर पहिल्या दिवशी पडलेला खड्डा त्याला तिथेच सापडावा.